कोबीची लाइन क्लिअर

आमच्या घरात समोरच्याने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय काहीही पाठवलं जात नाही. बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. त्यांची नोकरीची सुरुवातीची वर्षं जयपूरच्या आसपासच्या एकेरी लाइनवरच्या छोट्या स्टेशनांत गेली. एकच रूळ, त्यावरून दोन्हीकडच्या गाड्या. पुढच्या स्टेशनाने रस्ता मोकळा असल्याचं कळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही. गाडी पोचली की तिथल्या मास्तरने तिचा शेवटचा डबा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच 'पोचली' म्हणायचं, कारण शेवटचा डबा दिसला नाही तर गाडी अर्धी वाटेत तुटून राहिली असू शकते. बाबा निवृत्त झाले, पण हा नियम झाला नाही. आईने शेजारच्या शर्मा आंटींकडे वाटीभर भरीत पाठवायचं म्हटलं तरी बाबा आधी फोन करतात, "भेजें क्या?" आणि वाटी गेल्यावर पुन्हा, "पहुँच गया? ढक्कन के साथ?"

माझी गोष्ट वेगळी आहे. मी पत्रकांवर वाढले. क्वार्टरमधल्या पलंगाखाली बाबांची एक पेटी होती आणि तिच्यात सभांच्या बाहेर मांडलेल्या टेबलांवरून आणलेल्या पुस्तिका होत्या. जयपुरात मराठी शाळा नव्हती, शेजारपाजारी हिंदी होतं, घरात आईचं वर्ध्याकडचं बोलणं होतं. लिहायचं मराठी मला त्या पेटीने शिकवलं. त्यामुळे झालं असं, की इतर मुलं आईकडे दुधीची भाजी नको म्हणून रडायची आणि मी स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवायचे: 'दुधीच्या सक्तीचा आम्ही तीव्र शब्दांत निषेध करतो.' आई तो कागद वाचायची, चांगलं लिहिलंस म्हणायची आणि दुधीच वाढायची. व्यवस्थेशी माझी पहिली ओळख ही अशी झाली.

माझी ताई या दोन्हींतून सुटली. ती इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. तिचं मराठी अडखळत चालतं, दर दोन वाक्यांनी एक 'मतलब' लागतो, आणि पत्रक दिसलं की ती त्याची होडी करते. तिने लग्न ठरवलं ते त्याच इस्पितळाच्या एक्स-रे विभागातल्या मुलाशी. तो जयपूरजवळच्या चाकसूचा. त्याच्या वडिलांनीही आमच्यासारखीच धम्माची वाट धरलेली, त्यामुळे विधी कसा करायचा यावर वाद झाला नाही. हुंडा नाही, मानपान नाही, पांढरे कपडे, वंदना, प्रतिज्ञा, फुलं, जेवण. दोन्ही घरं खूश होती. प्रश्न एकच होता आणि तो पुलगावला खाटेवर पडून होता.

बाबांची मोठी बहीण, आमची आत्या. बाबांना तिने वाढवलं, शिकवलं, रेल्वेच्या परीक्षेला बसवलं. बाबा तिला बाई म्हणतात आणि तिच्याशी फोनवर बोलताना अजूनही उभे राहतात. लग्नाच्या थोडं आधी आत्या अंगणात पडली आणि तिचा खुबा मोडला. प्रवास बंद. होणाऱ्या जिजूंनी तिच्या खुब्याचा एक्स-रे मोबाइलवर मागवून बघितला, हाड नीट बसतंय असं सांगितलं. त्यावर आत्या म्हणाली, "हाड वाचता येते म्हून माणूस कळते असं नाई."

तिच्या मनात एक अढी होती. त्यांच्या गावातलं कोणीतरी कधी राजस्थानात लग्नाला येऊन गेलं होतं आणि त्यांनी परत जाऊन सांगितलं होतं, की तिकडे नवरीचं तोंड हनुवटीपर्यंत झाकतात, ती बोलत नाही, तिच्या वतीने दुसरेच बोलतात. आत्याच्या स्वतःच्या लग्नात तेच झालं होतं. होकार मामाने दिला होता. आपण त्या दिवशी जेवलो की नाही हेही तिला आठवत नाही, असं ती अनेकदा सांगायची.

"बाबू," ती बाबांना फोनवर म्हणाली, "मी आशीर्वाद द्याले नाई कुठं म्हणून राहिली? पण पोट्टीचं तोंड मले उघडं दिसलं पाह्यजे. अन् ती काय म्हणते ते तिच्या तोंडून ऐकू आलं पाह्यजे. मंग देतो. तोवर नाई."

"बाई, दिसंल," बाबा उभ्याने म्हणाले. "ऐकूबी येईल."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "कसं करायचं?"

मी म्हटलं, थेट प्रक्षेपण. इंटरनेटवर, सगळ्यांसाठी खुलं. जिजू म्हणाले, "व्हिडिओ कॉल कर लेते हैं ना." मी त्यांना समजावलं, की हुंड्याशिवाय होणारं, नवरीने स्वतः बोललेलं लग्न ही दोन घरांतली खाजगी बाब नाही, हा समाजासमोर ठेवायचा दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवज व्हिडिओ कॉलवर दाखवत नाहीत. जिजूंनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "घरात हे रोज असतं. तू भात खा."

पण आत्याला माझी कल्पना पटली. तिच्या मोहल्ल्यातल्या विहारात मोठा टीव्ही होता, तो इंटरनेटला जोडलेला होता, आणि महिला मंडळाने ठरवलं की आत्याची बाज विहारात उचलून न्यायची आणि सगळ्यांनी मिळून लग्न बघायचं. फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर तीसेक बायकांना काय दिसणार? माझ्या तत्त्वाला इतका चटकन व्यावहारिक पाठिंबा त्याआधी कधी मिळाला नव्हता.

प्रतिज्ञा अर्थातच मी लिहिली. 'आम्ही उभयता समता, बंधुता व परस्परसन्मान या त्रयीच्या अधिष्ठानावर सहजीवनाची उभारणी करण्यास कटिबद्ध आहोत.' हे पहिलं वाक्य. त्याखाली पानभर मजकूर होता. ताईने ते हॉस्पिटलमधून आल्यावर सोफ्यावर आडवं पडून वाचलं.

"मी हे बोलू?"

"हो."

"अधि... मतलब, हे श्वास कुठे घ्यायचा?"

"स्वल्पविरामावर."

"मी ऑक्सिजन लावून उभी राहीन," ती म्हणाली आणि कागदाची घडी घालायला लागली. मी तो होडी होण्याआधी काढून घेतला.

दरम्यान मी आणखी एक काम केलं होतं. लग्नात वाटायला पत्रक छापलं होतं. हुंडा, अनाठायी खर्च आणि डीजेचं ध्वनिप्रदूषण या तीन शत्रूंवर. सांगानेरच्या हातकागदावर, कारण तत्त्वाला कागदही शोभला पाहिजे. छापून आल्यावर आई म्हणाली, "सुंदर आहे गं. पण मराठीत आहे. पाहुणे अर्धे चाकसूचे."

लग्नाच्या दिवशी आम्ही दुपारपूर्वीच टोंक रोडवरच्या मॅरेज गार्डनला पोचलो. जयपुरात ही गार्डनं एकमेकींना खेटून असतात, मध्ये एक विटांची भिंत आणि भिंतीवर कागदाची फुलं. मी स्टेजसमोर तिपाई लावली, मोबाइल बसवला, ताईच्या पदराला माइक लावला, चाचणी घेतली. आमचे बौद्धाचार्य काका, रेल्वेच्याच हिशेब विभागातून निवृत्त, पुस्तक उघडून बसले. दोन्ही घरची माणसं पांढऱ्या कपड्यांत रांगेने बसली. सगळं तयार होतं.

"चालू करा," काकांनी सांगितलं.

"थांबा," बाबा म्हणाले. त्यांनी फोन कानाला लावला आणि उभे राहिले. "बाई, लाइन क्लिअर?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडे बायकांचा कलकलाट, मग आत्या: "थांब नं बापा. टीव्हीवाल्या बाईनं अजून दुसरंच लावून ठेवलं, कोणीतरी पुऱ्या तळून राहिलं. ... हां. आता तुमचा मंडप दिसला. तू जाड झाला का रे?"

"बाई, लाइन क्लिअर?"

"हाव. क्लिअर. सोड."

बाबांनी काकांना हाताने हिरवा कंदील दाखवावा तशी खूण केली. वंदना सुरू झाली. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे डीजे सुरू झाला.

आवाज इतका मोठा होता की तिपाई थरथरत होती. काका पुस्तकात बघून ओठ हलवत होते. थोड्या वेळाने माझ्या मोबाइलवर सूचना आली: तुमच्या प्रक्षेपणात दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आहे, म्हणून ते थांबवलं आहे. पाठोपाठ आत्याचा फोन.

"अरे बाबू, तुम्ही गेले कुठं? टीव्हीवर काळी पाटी आली."

मी पुन्हा सुरू केलं. बाबांनी पुन्हा लाइन क्लिअर घेतली. पलीकडे दुसरं गाणं लागलं. पुन्हा पाटी. या वेळी सूचना जरा कडक शब्दांत होती: आणखी एकदा असं झालं तर तुमची प्रक्षेपणाची सोय बंद करण्यात येईल. जिजूंनी अतिशय सभ्यपणे आपला मोबाइल काढला आणि व्हिडिओ कॉल लावून बघितला. आत्या तिकडून ओरडली, "काय ढोलच ढोल ऐकू येऊन राहिला. हे लग्न हाय का मिरवणूक?" जिजूंनी मोबाइल खिशात ठेवला.

म्हणजे आता आमच्याकडे एकच संधी उरली होती, आणि ती भिंतीपलीकडच्या शांततेवर अवलंबून होती. ताई स्टेजवर फुलांच्या हारासारखी सुकत होती. बाबा पुन्हा पुन्हा भिंतीकडे बघत होते. बाईला ऐकू येईल म्हणून शब्द दिला होता त्यांनी. मी पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि शेजारच्या लग्नात गेले.

तिथे मायरा चालू होता. मायरा म्हणजे लग्नघरातल्या आईला तिचा भाऊ आहेर घेऊन येतो आणि तिच्या डोक्यावर ओढणी पांघरतो, तो मान. पिवळ्या-लाल ओढण्यांतल्या बायका बसल्या होत्या आणि एका कोपऱ्यात कपाटांएवढ्या स्पीकरांच्या मधोमध डीजेवाला उभा होता. मी त्याला पत्रक दिलं आणि बोलायला सुरुवात केली. शांततेत जगणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, एकाचा आनंद दुसऱ्याच्या कानावर लादणं ही मालकशाहीच आहे, इत्यादी. हे सगळं मी हिंदीत, ओरडून सांगितलं, कारण आवाज त्याने कमी केला नव्हता.

त्याने पत्रक सुलटं-उलटं केलं. "ये तो मराठी में है, बाईसा."

"अक्षरं तर तीच आहेत," मी हिंदीत म्हटलं.

त्याने बोट ठेवून वाचलं. "ध्वनि... प्रदूषण... डीजे. हाँ, ये तो मैं ही हूँ." तो खूश झाला. "मेरा नाम पहली बार छपा है. एक और मिलेगा? मम्मी को दिखाऊँगा."

मी त्याला आणखी एक दिलं. आवाज जसाच्या तसा.

तेवढ्यात ज्या बाईंचा मायरा होता त्या हातात मोबाइल घेऊन रडवेल्या होऊन तिथे आल्या. त्यांच्यामागे साफा बांधलेले त्यांचे दीर. "भैया, तेरे नेट में कुछ है क्या? भाई को कुछ दिख ही नहीं रहा." त्यांच्या दोन भावांतला थोरला मस्कतला होता आणि सुट्टी मिळाली नव्हती म्हणून येऊ शकला नव्हता. आहेर धाकट्या भावाने आणला होता, पण ओढणी पांघरताना थोरल्याने बघावं म्हणून त्यांनीही प्रक्षेपण लावलं होतं. फोनवरून तो भाऊ ओरडत होता, "अरे जीजी, फिर काला हो गया." जीजी, म्हणजे थोरल्या बहीणबाई, पडदा पुसत होत्या, जणू काळं त्यांच्या बाजूने लागलं होतं.

मी त्यांचा मोबाइल बघितला. माझ्यासारखीच सूचना. दोन्ही लग्नं एकाच डीजेने बुडवली होती.

मी त्यांना समजावून सांगितलं, की कंपनीच्या मालकीचं गाणं वाजलं की प्रक्षेपण थांबतं, तुमच्या बायका तोंडाने गातात त्याने थांबणार नाही. दीरांनी डीजेवाल्याकडे बघितलं. डीजेवाला म्हणाला, "मुझे तो बजाने के लिए बुलाया है, चुप रहने के लिए नहीं." दीर म्हणाले, डीजे बंद ठेवू, पण बायका तोंडाने गाणारच, ढोलक वाजणारच, मायरा मुका होत नाही. ते बरोबर होतं. आणि त्या ढोलकीत ताईचा आवाज पुलगावला पोचणार नव्हता. मी दुसऱ्या बाजूने युक्तिवाद सुरू केला. माझ्याकडे सात मुद्दे होते. दुसऱ्या मुद्द्यावर भिंतीच्या कडेने बाबा आले. त्यांच्या हातात आचाऱ्याच्या ढिगातला एक पत्ताकोबी होता.

"राम राम सा," ते दीरांना म्हणाले. "ये गोला है."

दीरांनी कोबीकडे बघितलं आणि वाट पाहिली.

बाबांनी मग त्यांना एकेरी लाइन समजावली. एक रूळ, दोन गाड्या. जुन्या काळी यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, ज्या ड्रायव्हरकडे गोळा, रूळ त्याचा. ज्याच्याकडे नाही, तो जागचा हलणार नाही, मग त्याच्या डब्यात साक्षात मंत्री बसलेला असो. इथे रूळ म्हणजे शांतता. आधी माझी गाडी जाऊ दे. कोबी माझ्याकडे असेपर्यंत तुमच्याकडे चिडीचूप. माझी गाडी पोचली की कोबी तुमच्या हातात. मग तुमचा मायरा, तुमच्या बायका गातील, आमच्याकडे कोणी खोकणारसुद्धा नाही. दोन्ही गाड्या गेल्यावर डीजे.

"और जो किसी ने बीच में बजा दिया?" दीरांनी विचारलं.

"तो टक्कर होगी," बाबा म्हणाले. "मेरी नौकरी में एक भी नहीं हुई."

जे सात मुद्द्यांनी झालं नसतं ते कोबीने झालं. दीरांनी कोबीला हात लावून कबुली दिली. जीजींनी मस्कतला सांगितलं, "रुक जा, पहले पड़ोसियों की गाड़ी निकलेगी." डीजेवाल्याने यंत्र बंद केलं, आणि इतका वेळ दबलेला टोंक रोड एकदम ऐकू यायला लागला.

आम्ही परत आलो आणि मी प्रक्षेपण पुन्हा सुरू केलं. बाबांनी कोबी स्टेजच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"बाई, लाइन क्लिअर?"

"कवाची क्लिअर हाय. बायका पेंगून राहिल्या."

काकांनी विधी पुढे नेला. सगळं ऐकू येत होतं, काकांचा श्वाससुद्धा. वंदना झाली, पंचशील झालं आणि प्रतिज्ञेची वेळ आली. मी मोबाइलजवळून ताईला तिचा कागद दाखवला. तिने तो हातात घेतला. तोंड उघडं, केसांत मोगरा, कपाळावर घाम.

"आम्ही उभयता," ती म्हणाली, "समता, बंधुता व... परस्पर... त्रयी..."

ती थांबली. भिंतीपलीकडे एक लग्न श्वास रोखून बसलं होतं. पुलगावला तीसेक बायका. ताईने माझ्याकडे बघितलं आणि कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा. माझ्या डोळ्यांदेखत होडी.

"आत्या," ती मोबाइलकडे बघून म्हणाली, "मला हे बोलता येत नाही. छोटीने छान लिहिलं आहे, पण मी असं बोलत नाही. मी याच्याशी लग्न करते. मतलब, कोणी सांगितलं म्हणून नाही. मला पाहिजे म्हणून. मी माझी नोकरी करीन, हा त्याची. घरचं काम दोघांचं, मला नाइट असली की जेवण हा बनवेल, याला पोळी येत नाही पण शिकेल. घूंघट मी घेणार नाही, हे मी पहिल्या दिवशी कँटीनमध्ये सांगितलं होतं. तर याने विचारलं, ठीक आहे, चहा तर घेशील? मतलब... मी घेतला. बस."

एवढ्यात सांगानेरच्या विमानतळावरून उडालेलं विमान अगदी डोक्यावरून गेलं. सगळे वर बघायला लागले. बाबा कोबीकडे बोट दाखवून पुटपुटले, "याच्याकडे गोळा नाही." विमान गेल्यावर काकांनी जिजूंना बोलायला सांगितलं. त्यांनी आठवडाभर पाठ केलेलं माझं पूर्ण पानभर मराठी चाकसूच्या उच्चारात घडाघडा म्हणून दाखवलं, सगळे स्वल्पविराम जागच्या जागी. एक माणूस तरी कटिबद्ध झाला.

हार झाले, फुलं झाली. बाबांनी फोन उचलला.

"बाई. गाडी पोचली का?"

तिकडून आधी बायकांचा गलका आला. मग आत्या: "आवाज आला, बाबू. सगळा आला. पोट्टी चांगली बोलली."

"मग पोचली म्हणायची?"

"शेवटचा डबा नाई दिसला अजून."

"कोणता डबा, बाई?"

"दिसला की सांगतो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबांची पंचाईत झाली. भिंतीपलीकडे जीजी, दीर, डीजेवाला आणि मस्कत कोबीची वाट बघत होते. इकडे गाडी पोचल्याची खबर नाही. आणि खबर आल्याशिवाय गोळा सोडणं म्हणजे बाबांच्या दृष्टीने स्वतःच्या हाताने टक्कर घडवणं. ते स्टेजभोवती फेऱ्या मारायला लागले. आई म्हणाली, "द्या नं तो कोबी. त्या बिचारीचा भाऊ तिकडे ताटकळला."

"असा नाही देता येत."

"बाईला काय बघायचंय ते बाईला ठाऊक. पण मुलगी ऐकून झाली नं तिची?"

बाबा थांबले. "म्हणजे आवाजाची गाडी गेली. चित्राची राहिली." ते माझ्याकडे वळले. "बेटा, आवाज बंद ठेवून नुसतं चित्र पाठवता येतं?"

"येतं."

"मग आपली गाडी लूप लाइनवर, बाजूच्या रुळावर घे. मेन लाइन रिकामी होते." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी आवाज बंद केला. चित्र पुलगावला जात राहिलं, मुक्याने. बाबा कोबी घ्यायला स्टेजच्या कडेला गेले.

कोबी नव्हता.

आचाऱ्याच्या माणसाने तो आमची फुलं चालू असतानाच उचलून नेला होता. आम्ही मागे पोचलो तेव्हा गोळा चिरून, तळून, सॉसमध्ये पडला होता. जेवणात मंचुरियन होतं. आचारी म्हणाला, "एक गोभी कम पड़ रही थी, भाईसाहब. स्टेज पर क्यों रखी थी?" बाबा कढईत वाकून बघत होते. मी सुचवलं, दुसरा कोबी देऊ. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते वाक्य परत घेतलं. हात लावून कबुली झाली होती ती त्या कोबीवर.

"गोळा हरवला तर कागद," ते म्हणाले. "नियम आहे. मास्तरने सही करून लेखी परवानगी द्यायची. कागद आण."

माझ्याजवळ एकाच जातीचा कागद होता. माझ्या पत्रकाची मागची बाजू कोरी होती. बाबांनी त्यावर हिंदीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गोला नष्ट. लाइन खाली है. मायरा रवाना किया जाए.' खाली सही, आणि सहीखाली, सवयीने, पद. मी तो कागद भिंतीपलीकडे नेला. दीरांनी चष्मा लावून वाचला आणि मान डोलावली. बायकांनी गाणं सुरू केलं, नुसत्या गळ्याने आणि ढोलकीने. धाकट्या भावाने ओढणी उघडली, आणि जीजींनी डोक्यावर ओढणी घेताना मोबाइलकडे बघितलं. "दिख रहा है?" मस्कतहून आवाज आला, "दिख रहा है, जीजी. रो मत, काजल फैल रहा है." आमच्या बाजूला बाबा तोंडावर बोट ठेवून पाहुण्यांमधून फिरत होते.

मग डीजे सुरू झाला. त्याने बाबांचा कागद यंत्राच्या दर्शनी बाजूला चिकटवला होता, सहीची बाजू बाहेर. माझे तीन शत्रू यंत्राकडे तोंड करून होते.

आमच्याकडे जेवणं सुरू झाली. मी मोबाइल उचलून आणला, कारण आत्याचा डबा कोणता ते मला कळत नव्हतं आणि म्हणून मी सगळंच दाखवत होते. पाण्याचे ड्रम, काकांचे बूट, आईचा आचाऱ्याशी चाललेला वाद. नवरा-नवरी मोठ्या टेबलाशी सगळ्यांबरोबर बसले होते. ताईला सकाळपासून काही खायला मिळालं नव्हतं. ती भराभर जेवत होती. तोंड उघडं, बाह्या वर, बोटांना सॉस. जिजूंच्या आईने तिच्या पानात आणखी दोन मंचुरियन टाकले, तिने हाताने नको म्हटलं आणि तेही खाल्ले. मध्ये ती कशावर तरी हसली. काय ते पुलगावला ऐकू जाणं शक्य नव्हतं, डीजेच्या आवाजात मला शेजारी उभं राहूनही ऐकू आलं नाही.

बाबांचा फोन वाजला. ते हातातलं ताट खाली ठेवून उभे राहिले.

"बाबू," आत्या म्हणाली. बाबांनी स्पीकर लावून फोन आमच्या दोघांच्या कानांमध्ये धरला होता. "आला शेवटचा डबा."

"कोणता, बाई?"

"जेवली पोट्टी. सगळ्याइच्या संगं, पोटभर. मी पाह्यलं." तिने विहारातल्या बायकांना गप्प केलं. "गाडी अख्खी पोचली, असं लिहून घे. अन् दोघाइले माहा आशीर्वाद सांग."

बाबांनी "हो बाई" म्हटलं. ते दोनदा म्हटलं.

"अन् ते पानात गोल गोल तळलेलं काय होतं रे? पुन्हा पुन्हा घेऊन राहिली ती."

बाबांनी ताईच्या ताटाकडे बघितलं.

"गोळा होता, बाई," ते म्हणाले.